जुन्या कलमी चाकूंचे जतन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानपट्ट्यात लाकडी कोळशाच्या भट्टीत खनिज तापवून लोखंड काढण्याची कला एकेकाळी होती. घुग्घुस येथे आज कारखान्यात स्पंज आयर्न तयार होते. हातघडणीचे कोयते व छाटणीचे चाकू मात्र भंगारात वजनावर जातात. ग्रामसेवकांनी ते वेळीच गोळा करावेत.

हातघडणीच्या पात्याची जाडी सर्वत्र सारखी नसते व त्यावर हातोडीच्या खुणा असतात. असे पाते सहाणेवर मुळीच घासू नये. खुणा गेल्या की उरते ते केवळ लोखंड. गंज रॉकेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने हळूहळू पुसावा, नंतर पात्यास तेलाचा हात द्यावा. सुकलेल्या मुठीस जवसाचे तेल चोळावे. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवू नये. चामडे ओल धरते व पाते गंजते. प्रत्येक हत्याराबरोबर गाव, घडविणारा लोहार व काम यांची चिठ्ठी ठेवावी. चिठ्ठीवाचून संग्रह म्हणजे लोखंडाचा ढीग होय.

संग्रहातील चाकूने जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधण्याचा मोह होतो. तो टाळावा. गंजाने पडलेल्या खड्ड्यांत झाडाचा रस राहतो, आणि लिंबूवर्गीय झाडांचा एक्झोकॉर्टिस हा रोग अशा पात्यावरूनच निरोगी झाडास जडतो. स्पिरिटने पुसणे त्यास पुरेसे नाही. कामाचा चाकू वेगळा, गुळगुळीत पात्याचा असावा. प्रत्येक झाडानंतर तो 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावा. हे द्रावण लोखंड खाते, म्हणून दिवसाचे काम संपताच पाते पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल लावावे.