साथ आणि महासाथ



रोग किंवा कीड नेहमीपेक्षा एकाएकी वाढून एखाद्या भागात पसरली, की ती साथ. तीच देशोदेशी, खंडोखंडी पोचली, की महासाथ. फरक पसाऱ्याचा आहे, जोराचा नव्हे.

२००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आला. पुढे इतर जिल्ह्यांत, कर्नाटकातही गेला. ती साथ. २०२० चा कोरोना मात्र महासाथ.

दोन्हींची सुरुवात थोडक्यातच होते. मावा वाऱ्याबरोबर जातो, तसाच बेण्यातून अन् वाढ्यांतूनही. म्हणून आमचं सांगणं: बाहेरचं बेणं तपासल्याशिवाय मोताळ्यात आणू नका. पानाखाली पांढरी लोकर दिसली, तर त्याच दिवशी चिटबॉयला कळवा. एका फडातली हयगय सगळ्या शिवाराला भोवते.