पुढच्या पानाची जबाबदारी

चि. रेवतीस,


तुझ्या चित्रकथेचं पहिलं प्रकरण आणि सोबतचा प्रश्न, दोन्ही वाचलं. पुरानं वेढलेलं वसतिगृह, आत अकरा मुलं, सहा जणांपुरतं अन्न आणि पाच जणांना बाहेर काढायचा ठराव. रक्त किती दाखवू, असं तू विचारतेस. आई म्हणते अजिबात नको, मैत्रिणी म्हणतात काढायचंच तर हात आखडू नकोस. मला विचारशील तर रक्ताच्या मापानं हा प्रश्न सुटणार नाही. सर्व्हायव्हल मांगात, म्हणजे जीव वाचवण्याच्या धडपडीवरच्या जपानी चित्रकथेत, हिंसा किती आहे, यावर तिचं बरेवाईटपण ठरत नाही. ‘तो किंवा मी’ हा पेच कुणी उभा केला हे कथा सांगते का, आणि मारणं उरकल्यावर पुढच्या पानावर काय उरलं ते दाखवायची तिची तयारी आहे का, यावर ते ठरतं. भडक पानं काढूनही या दोन्ही गोष्टी पाळता येतात. आणि एक थेंब न दाखवताही दोन्ही टाळता येतात, हे तुझ्या प्रकरणातच दिसतं. त्याकडे शेवटी येते.

या प्रकाराच्या मुळाशी जायचं तर काझुओ उमेझु यांची ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’ वाचावी लागते. 1972 ते 1974 या काळात ती ‘शोनेन संडे’ या मुलांच्या साप्ताहिकात येत होती, हे आधी लक्षात घे. अख्खी प्राथमिक शाळा, आठशेहून अधिक जीवांसकट, ओसाड झालेल्या भविष्यकाळात जाऊन पडते. सर्वांत आधी कोसळतात ती मोठी माणसं. कुणी शिक्षक स्वतःचा जीव घेतो, कुणी मुलांच्या जिवावर उठतो, आणि जेवण पोचवायला आलेला सेकिया अन्नावर कब्जा करून बसतो. सहावीतला शो ताकामात्सु आणि त्याचे सोबती स्वतःचं राज्य चालवायला घेतात. त्यात गट पडतात, मारामाऱ्या होतात, मुलं मरतात. पुढे शोला अपेंडिक्सचा त्रास होतो आणि वर्गातली पोरं भूल न देता त्याचं पोट उघडतात. उमेझुंनी हा प्रसंग झटपट उरकलेला नाही. उघडी तोंडं, ताणलेले डोळे, काळ्या रेघांनी गच्च भरलेल्या सावल्या. वाचकाला त्या टेबलापाशी थांबावंच लागतं. गंमत बघ, अख्ख्या कथेत वाचायला सर्वांत अवघड जाणारी सुरी जीव वाचवायला उचललेली आहे. वेदना दाखवायला उमेझु कचरत नाहीत, पण ती कशासाठी सोसली जातेय हेही विसरू देत नाहीत. आणि शेवटी चुटकीसरशी सुटका नाही. एका लहानग्याला भूतकाळात परत पाठवलं जातं, बाकीची मुलं त्या उजाड जगातच राहतात.

पुढच्या पानाची जबाबदारी म्हणजे काय, ते मात्र केइजी नाकाझावा यांच्या ‘बेअरफूट गेन’मध्ये दिसतं. तिला कुणी सर्व्हायव्हल मांगा म्हणत नाही, पण माझ्या मते या प्रकाराची खरी कसोटी तीच आहे. नाकाझावा हिरोशिमाचे, बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. 1973 मध्ये ‘शोनेन जम्प’मध्ये सुरू झालेल्या या कथेत घर कोसळतं आणि गेनचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ तुळयांखाली अडकतात. आग जवळ येत असते, तुळई हलत नाही. गरोदर आई जागची हलायला तयार नाही. वडील आतूनच ओरडून सांगतात, तिला घेऊन निघ. इथे निवड आहे, पण मारेकरी समोर नाही. तो केव्हाच विमानातून निघून गेलाय. त्याच दिवशी आईला मूल होतं. एखाद्या थरारकथेनं इथे प्रकरण मिटवलं असतं. नाकाझावा गेनला त्याच जागी परत आणतात आणि तो राख उकरून आपल्या माणसांच्या कवट्या बाहेर काढतो. भूक, किळस, किरणोत्सारानं गळणारे केस, आश्रय देणाऱ्यांचा तुटकपणा हे सगळं त्यानंतर दहाव्या, शेवटच्या खंडापर्यंत चालतं. वाचलेला माणूस वाचला म्हणून सुटत नाही, हे सांगायला त्यांना एवढी जागा लागली.

याच्या शेजारी ‘बॅटल रोयाल’ ठेवून बघ. कोऊशुन ताकामी यांची कादंबरी 1999 ची, मासायुकी तागुची यांनी काढलेली मांगा 2000 पासूनची. बेचाळीस विद्यार्थी, बेट, गळ्यात स्फोटक पट्टे. ठरल्या मुदतीत कुणीच मेलं नाही तर सगळ्यांचे पट्टे फुटणार. हा पेच आभाळातून पडलेला नाही, सरकारनं कायदा करून मांडलाय. मूळ कथेचं सगळं बळ मला यात दिसतं. दीपगृहातला प्रसंग आठव. मैत्रिणींचा एक गट एकत्र राहतोय, स्वयंपाक करतोय, पहारे देतोय. त्यांच्यातली एक जण भीतीपोटी दुसऱ्याच कुणासाठी जेवणात विष कालवते, ते भलतीच मुलगी खाते, आणि पाहता पाहता सगळ्या एकमेकींवर गोळ्या झाडतात. अन्न कमी नव्हतं, जागा कमी नव्हती. कमी पडला तो विश्वास, आणि तो पोखरण्याची व्यवस्था खेळ मांडणाऱ्यांनी आधीच केली होती. तागुची मात्र पुष्कळ ठिकाणी या धाग्यापेक्षा फुटलेल्या डोक्यांत आणि मुलींच्या देहांत जास्त रमतात. रेषेवर त्यांची हुकमत आहे, यात वाद नाही. पण जखमेचं चित्र इतकं चवीनं काढलं की वाचक सरकारला विसरतो आणि आता पुढचा कसा मरणार एवढंच बघत बसतो. म्हणजे तो खेळ मांडणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसला. माझा आक्षेप एवढाच, पण तो लहान नाही.

तू म्हणशील, मावशी, संकटात माणसाचं खरं रूप बाहेर येतं, तेवढंच या कथा दाखवतात. हा युक्तिवाद जोरदार वाटतो, म्हणूनच तपासून घ्यायला हवा. 1 सप्टेंबर 1923 ला कांतो भागात भूकंप झाला, तोक्यो आणि योकोहामा जळाली. त्यानंतरच्या दिवसांत जमावांनी हजारो कोरियन माणसांना मारलं. त्यांनी भाकरी पळवली म्हणून नव्हे. ते विहिरींत विष टाकतात, आगी लावतात, अशी अफवा पसरली होती. उलट 1965 मध्ये टोंगाच्या एका शाळेतली सहा मुलं होडी घेऊन निघाली आणि वादळात सापडून ‘आता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. वर्षाहून अधिक काळ ती तिथे होती. त्यांनी चूल विझू दिली नाही, कामं वाटून घेतली, भांडण झालं की भांडणाऱ्यांना वेगळं केलं, एकाचा पाय मोडला तर तो बसवून त्याची कामंही केली. मग माणसाचं खरं रूप यातलं कुठलं? संकटानं माणसाचा मुखवटा उतरतो असं नसावं. तो ज्या समजुती आणि सवयी घेऊन संकटात शिरतो, त्याच तिथे मोठ्या होतात. कांतोतल्या त्या जमावांनी कोरियन माणसांविषयीची तुच्छता भूकंपात कमावली नव्हती, ती आधीपासून अंगात मुरलेली होती.

आणि कुणीतरी मरणं भागच असतं तेव्हा? 1884 मध्ये ‘मिग्नोनेट’ ही इंग्रज नौका बुडाली आणि चौघे एका लहान होडीत उरले. विसाव्या दिवसाच्या सुमारास त्यांतल्या दोघांनी ठरवलं की एकाला मारून बाकीच्यांनी जगायचं. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. सतरा वर्षांचा नोकर पोरगा रिचर्ड पार्कर आजारी होता, मागे बायकापोरं नव्हती, त्यालाच मारलं. काही दिवसांतच जहाज येऊन त्यांना घेऊन गेलं. नाइलाज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असं न्यायालयानं ठरवलं. फाशीची शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. निकाल कडक वाटेल, आणि त्या होडीत न बसलेल्यानं फार तोरा मिरवू नये हेही खरं. पण ‘कुणीतरी’ म्हणता म्हणता बोट कुणाकडे गेलं ते पाहा. सर्वांत लहान, सर्वांत गरीब, ज्याच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, तो. सर्व्हायव्हल मांगातली गणितं वाचताना आकडेमोड करणाऱ्याचं नाव त्या यादीत कितव्या नंबरावर आहे, हे आधी बघत जा.

तुझ्या आईची बाजूही मी मोडीत काढणार नाही. जॉर्ज आकियामा यांची दुष्काळावरची ‘अशुरा’ 1970 मध्ये ‘शोनेन मॅगझिन’मध्ये आली, आणि भुकेली आई पोटच्या पोराला खायला निघते हे पाहून कानागावा प्रांतानं तो अंक मुलांना अपायकारक ठरवला. 2012 मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं शाळांना ‘बेअरफूट गेन’ कपाटात बंद ठेवायला सांगितलं. पुढच्या वर्षी ते उघड झाल्यावर एवढा गदारोळ झाला की आदेश मागे घ्यावा लागला. असल्या कथा ढिगानं वाचणाऱ्या जपानमध्ये खुनांचं प्रमाण जगातल्या अगदी कमी प्रमाणांपैकी आहे, त्यामुळे पान आणि गुन्हा यांच्यात सरळ रेघ ओढता येत नाही. पण त्यावरून सगळं निर्धोक ठरत नाही. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती काय द्यावं आणि सतराच्या मुलीच्या हाती काय, यात फरक करणारी आई अडाणी नसते. शिवाय काही मालिका खरोखरच जखमा विकण्यापुरत्या असतात. आईनं नेमकी तसलीच एखादी उघडून पाहिली असेल, तर तिचं चुकलं असं कसं म्हणू?

आता उलट टोक. ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ या मांगातली एमा अनाथाश्रमातल्या सगळ्या मुलांना घेऊनच पळायचं म्हणते, तिचा मित्र रे सुरुवातीला तिला वेड्यात काढतो. तुझ्या पिढीतल्या पुष्कळांना ती भाबडी वाटते, शेवटाबद्दल तर मलाही शंका आहे. पण पळण्याच्या रात्री ती चार वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना मागे ठेवते, चिमुकल्या फिलला सगळं सांगून, परत यायचं वचन देऊन. गणित तीही करते. मात्र ज्याला वजा केलं त्याच्याशी बोलून, आणि ते कर्ज डोक्यावर घेऊन पुढे जाते.

तुझ्या प्रकरणातली अडचण इथेच आहे. लाक्षागृहातून पांडव सुटले याचा आपल्याला आनंद होतो, पण आत झोपलेली निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे जळाले म्हणून पांडव मेल्याची दुर्योधनाची खात्री पटली. त्या सहा जणांचं नावही आपल्याला ठाऊक नाही. तू बाहेर काढलेल्या पाच मुलांनाही नावं नाहीत, चेहरेही धड नाहीत. दार लागतं आणि चौकट काळी. रक्त काढलं नाहीस, पण त्यांना पुसून टाकलंस. अन्न सहा जणांपुरतंच का उरलं, हेही कुठे येत नाही. कोठाराची किल्ली कुणाकडे होती? पुराचा इशारा आला होता का, आला तर वॉर्डननं तो दाबला का? सहा जणांचं जेवण अकरात का बसत नाही, हे एका तरी मुलीनं विचारायला हवं. त्या पाच जणांसाठी आणखी दोन पानं वाढव. मग दार लागल्यावर चिखलात रक्त दिसलं तर दिसू दे, आईशी मी बोलेन. आणि ठरावावर हात वर करणाऱ्या सहांपैकी निदान एकीचा हात दुसऱ्या प्रकरणात नीट चालेनासा होऊ दे; काय कारणानं, ते तू ठरव. सुधारलेली पानं दिवाळीच्या आत पाठव.

तुझी,
सुमामावशी