इजिप्तचा धडा

राजापूरच्या माणसाला पूर म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पावसाने जोर धरला की अर्जुना नदी पात्र सोडते. पाणी जवाहर चौकात शिरते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात. आपल्याला पुराची धास्ती वाटते. पण एक देश असा होता की तेथले लोक पुराची वाट पाहत. पूर आला नाही तर त्यांच्या तोंडचे पाणी पळे. तो देश म्हणजे इजिप्त. आपली जुनी माणसे त्याला मिसर म्हणत.

इजिप्त देश आफ्रिका खंडात आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. चहूकडे वाळवंट आणि मधून वाहणारी नाईल नदी. तिची लांबी सुमारे ६,६५० किलोमीटर आहे. दर वर्षी नाईलला पूर येई. पूर ओसरला की शेतात काळा गाळ राही. त्या गाळात लोक गहू आणि जव पेरीत. १९७० साली अस्वान येथील मोठे धरण पुरे झाले, तेव्हापासून हा पूर थांबला. पण त्याआधी हजारो वर्षे तो येत होता.

हे लोक रोज पाहत, सूर्य मावळतो आणि पुन्हा उगवतो. दर वर्षी पाहत, शेत सुकते आणि पुन्हा हिरवे होते. मग त्यांच्या मनात आले, माणूसही मेल्यावर पुन्हा उठत असेल. उठला तर त्याला देह लागेल, अन्न लागेल, घर लागेल. या एका समजुतीतून त्यांच्या उत्तरक्रियेच्या साऱ्या चाली निघाल्या.

मुलीचा प्रकल्प

मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात इजिप्तची माहिती असते. हल्ली शाळेत धडा नुसता पाठ करून भागत नाही. प्रकल्प करावा लागतो. प्रकल्प म्हणजे धड्यातली गोष्ट हातांनी करून पाहणे आणि काय पाहिले ते वहीत लिहिणे.

आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तरी वाडीतली मुले अभ्यास घेऊन आमच्या पडवीत येतात. त्यांत एक मुलगी आहे. तिने इजिप्तचा प्रकल्प घेतला. चपलांच्या खोक्यात तिने राजाची कबर तयार केली. गणपतीच्या शाळेतून शाडूची माती आणली. मातीची एक बाहुली केली आणि जुन्या धोतराच्या चिंध्यांनी ती गुंडाळली. अशा गुंडाळलेल्या मृत देहाला ममी म्हणतात.

घरी आजीने ते पाहिले आणि ती कडाडली, "अगो बाय, मड्याची भावली घरात कित्याला आनलीस? आधी भायर टाक!"

मुलगी रडत आमच्याकडे आली. वही सोमवारी द्यायची होती. आम्ही तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो आणि ओटीवर बसलो. आम्ही म्हणालो, "काकी, एक विचारू? दहाव्याला तुम्ही कावळ्याला पिंड का ठेवता?"

"गेलेलं मानूस उपाशी जाव नये म्हनून."

"त्या लोकांनाही हेच वाटत होते. म्हणून ते कबरीत भाकरी, खजूर आणि पाण्याची भांडी ठेवीत. माया तीच, रीत निराळी. पोर मढे घरात आणत नाही, काकी. ती दुसऱ्यांची रीत समजून घेते आहे."

काकी काही बोलल्या नाहीत. पण बाहुली बाहेर गेली नाही.

देह कसा टिकवीत?

मृत देह कोरडा करायला आणि गुंडाळायला सारे मिळून ७० दिवस लागत. आधी डाव्या कुशीला चीर देऊन आतले अवयव काढीत. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी चार बरण्यांत ठेवीत. हृदय मात्र देहातच राहू देत. कारण माणूस विचार करतो तो हृदयाने, अशी त्यांची समजूत होती. मग सुमारे ४० दिवस देह नॅट्रॉन नावाच्या खारात पुरून ठेवीत. या खारात मीठ आणि सोडा असतो. देह सुकला की त्याला तेल आणि राळ लावीत आणि तागासारख्या जवसाच्या धाग्याचे कापड गुंडाळीत.

हे सारे खर्चाचे काम होते. ते राजाला आणि श्रीमंतांना परवडे. गरिबाला वाळवंटात वाळूतच पुरीत. गंमत अशी की तापलेल्या वाळूत तो देहही पुष्कळदा आपोआप सुकून टिके.

मुलीने याचा प्रयोग केला. काकडीची एक फोड वाटीत नुसती ठेवली. दुसरी फोड मीठ आणि खायचा सोडा यांत पुरली. पाणी सुटे तसे ओले मीठ काढून ती कोरडे घाली. काही दिवसांत उघडी फोड नासली, तिला बुरशी आली. मिठातली फोड आकसली, पण नासली नाही. तिने हे आजीला दाखवले. आजी म्हणाली, "ह्यात नवं ता काय? बांगडं आमी असंच खारवताव."

आजीचे म्हणणे अगदी बरोबर होते. नासवणारे बारीक जंतू पाण्यावाचून वाढत नाहीत. मीठ पाणी ओढून घेते. म्हणून खारवलेला मासा टिकतो, उन्हात वाळवलेली आमसुले टिकतात आणि ममीही टिकते. मुलीने वहीत लिहिले, "आजीला हे शास्त्र आधीपासून येते."

आणखी एक गोष्ट ऐका. दुसरा रामसेस नावाचा मोठा राजा इसवी सनापूर्वी १२१३ साली वारला. त्याची ममी तपासली तेव्हा नाकात काळी मिरी सापडली. मिरवेल मूळची आपल्या देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याची. आपल्या बागेत पोफळीवर चढते तीच ही वेल. ते दाणे किती हात बदलत, किती दर्या ओलांडत गेले असतील!

ममी पाहायला इजिप्तलाच जायला हवे असे नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या बडोद्यातील संग्रहालयात एक ममी आहे.

हृदयाचे वजन

इजिप्तच्या पुराणात ओसायरिस नावाचा देव आहे. त्याच्या भावाने, सेतने, दुष्टपणाने त्याला मारले आणि देहाचे तुकडे करून फेकले. त्याची बायको आयसिस हिने वणवण करून ते तुकडे गोळा केले. देह पुन्हा जोडला. मग ओसायरिस मृतांच्या राज्याचा राजा झाला.

माणूस मेला की त्याला ओसायरिसच्या दरबारात जावे लागे. तेथे मोठा तराजू असे. एका पारड्यात माणसाचे हृदय, दुसऱ्यात सत्याचे पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस काटा पाही. थोथ नावाचा देव निकाल लिहून घेई. आपल्याकडे यमाच्या दरबारात चित्रगुप्त हिशेब लिहितो, तसाच हा. मेलेल्या माणसाला तेथे सांगावे लागे की आपण चोरी केली नाही, मापात मारले नाही, दुसऱ्याची जमीन बळकावली नाही, वाहते पाणी अडवले नाही. हृदय पापाने जड झाले असेल, तर एक राक्षसी ते गिळून टाकी.

मुलीने नारळाच्या दोन करवंट्या आणि सुतळी घेऊन तराजू केला. एका करवंटीत कोंबड्याचे पीस ठेवले. तो तराजू पाहायला वाडीतली मोठी माणसेही आली. बांधावरून ज्यांचे भांडण चालू होते, असे दोघेजण तो बराच वेळ पाहत उभे होते.

आपल्या मातीतल्या चाली

मेलेल्यांची काळजी इजिप्तच्याच लोकांनी घेतली असे नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पंडितांनी तेथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव सापडले. तेथे लहान मूल गेले तर आई-बाप त्याला दोन मडक्यांत ठेवीत. मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडीत आणि ती घरातल्याच जमिनीखाली पुरीत. मूल घराबाहेर एकटे पडू नये, असे त्यांना वाटत असेल. मोठ्या माणसाला पुरताना पुष्कळदा घोट्याखालचे पाय तोडीत. त्याने उठून चालू नये म्हणून असे करीत असावेत, असे अभ्यासकांना वाटते. जवळ भांडी ठेवीत.

आजही आपल्या आसपास रीती निरनिराळ्या आहेत. कोणी दहन करतात. मुसलमान बांधव दफन करतात. लिंगायत लोक बसवून समाधी देतात. दहन करणारेही अगदी तान्ह्या मुलाला पुरतात. कोणाची रीत पाहून हसू नये. प्रत्येक रीतीच्या मुळाशी कोणाचे तरी रडणे असते.

नाव

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इजिप्तचे लोक म्हणत, देह टिकला तरी पुरत नाही. नावही टिकले पाहिजे. ज्याचे नाव पुसले तो दुसऱ्यांदा मेला. म्हणून ते कबरीच्या भिंतीवर, पेटीवर, बाहुल्यांवर नाव लिहीत. राजाचे नाव लांबट वर्तुळात लिहीत.

तेथे हत्शेपसुत नावाची राणी होऊन गेली. तिने सुमारे वीस वर्षे राज्य केले. ती गेल्यावर पुढच्या राजाच्या काळात तिचे नाव ठिकठिकाणी छिन्नीने खोडले गेले. पण काही ठिकाणी ते राहून गेले. तीन हजारांवर वर्षांनी पंडितांनी ते वाचले. आज शाळेतली मुले तिचे नाव घेतात.

ही लिपी मध्यंतरी सारे जग विसरले होते. १७९९ साली रोझेटा गावी एक दगड सापडला. त्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला होता. १८२२ साली शांपोलियाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने ही लिपी उलगडली. सुरुवात कशापासून झाली? वर्तुळातल्या नावांपासून. तुम्हीही साक्षरता वर्गात पहिल्या दिवशी पाटीवर काय लिहिलेत? आपले नाव. मोठ्या पंडिताची वाट आणि तुमची वाट एकाच ठिकाणाहून निघाली.

मुलीने वहीत एक पान ठेवले होते, "आमच्या घरातली नावे." पुरुषांची नावे सातबाऱ्याच्या जुन्या कागदांत सापडली. बायकांची सापडेनात. लग्नात नाव बदलते. माहेरचे नाव मागे राहते आणि माहेरची माणसे गेली की तेही जाते. तिने आजीला विचारले, "आजी, तुझ्या आईचं नाव काय गो?"

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "इतक्या वर्सांत कुनी इचारलाच नाय."

तिने दोन नावे सांगितली, एक माहेरचे आणि एक सासरचे. ही आजी आमच्या वर्गाला येते. मुलीने पेन्सिल तिच्या हातात दिली. आजीने दोन्ही नावे स्वतः लिहिली. एक वेलांटी चुकली, ती खोडून पुन्हा काढली. आजीच्या आईचे नाव कागदावर आले ते त्या दिवशी, पहिल्यांदाच.

आपल्या सड्यावरची चित्रे

आपल्याच राजापूर तालुक्यात बारसू, देवीहसोळ, कशेळी, रुंढे तळी आणि देवाचे गोठणे येथे सड्यावर कातळात चित्रे कोरलेली आहेत. कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे. त्याच्या पोटात दुसरे अनेक प्राणी आहेत. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ आहेत. अशा प्रकारचे चित्र प्राचीन इजिप्तमध्येही मिळते. २०२२ साली युनेस्को या जागतिक संस्थेच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या या कातळशिल्पांना जागा मिळाली.

पण ती कोणी कोरली? त्यांनी आपली नावे लिहिली नाहीत. लिपी त्यांच्यापाशी नव्हती. एवढे मोठे काम करून ती माणसे निनावी राहिली. आपल्यापाशी लिपी आहे. तेव्हा आपल्या माणसांनी निनावी राहण्याचे कारण नाही.

म्हणून बंधु-भगिनींनो, मुलाने प्रकल्प आणला की "हे काय खूळ!" म्हणून त्याला उठवू नका. जवळ बसा. तुम्हाला खारवणे ठाऊक आहे, माती मळणे ठाऊक आहे, जुन्या चाली ठाऊक आहेत. ते पुस्तकात सारेच नसते. मुलाला ते सांगा आणि जमेल तेवढे स्वतः लिहा.

उत्तरे लिहा

१. इजिप्तचे लोक पुराची वाट का पाहत?
२. मिठात ठेवलेला पदार्थ का नासत नाही?
३. हृदयाच्या समोरच्या पारड्यात काय ठेवीत?
४. इनामगावचे लोक लहान मुलांना कोठे पुरीत?

करून पाहा

१. आपली आई, आजी आणि पणजी यांची माहेरची व सासरची नावे वहीत लिहा. घरात कोणाला ठाऊक नसेल, तर गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा. हे काम उद्यावर टाकू नका.
२. आपल्या घरातली एखादी चाल निवडा. ती का पाळतात ते वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळी लिहा.
३. जवळच्या सड्यावर कातळशिल्प असेल, तर मुलांना घेऊन जा आणि पाहा. त्यावर चालू नका, खडूने रेघा ओढू नका.