तांबं सांगून दिलं ॲल्युमिनियम

"मामा, तुमच्या गावची लाईटच खराब. माझा माल काय करणार?" दुकानदाराचं हे बोलणं अजून डोक्यातून जात नाही. तांब्याची वाइंडिंग, 5 अँपिअर, असं छातीठोक सांगून त्यानेच ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारला होता.

आमचा अँप्लिफायर दादांनी या घरात आल्यावर सोलापूरहून असेंबल करून आणलेला. 2030 आयसीचे दोन बोर्ड, 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर. वळवाच्या कडकडाटात ट्रान्सफॉर्मर गेला, बोर्ड शाबूत राहिले. नवा बसवला तर आवाज वाढवला की मृदंगाचा नाद फाटायचा, मागे सतत घुमघुम, आणि थोड्याच वेळात वार्निशचा करपट वास.

किराणा दुकानातल्या काट्यावर जुना आणि नवा आलटूनपालटून ठेवले. दोन्हींवर 5 अँपिअरच लिहिलेलं. नवा जेमतेम निम्म्या वजनाचा. घरी कागद सोलून तारेवर ब्लेड घासलं. वरून तांबूस, आत पांढरीफटक चकाकी. सोल्डर धरेना. तांबं नव्हतंच ते! तो ट्रान्सफॉर्मर त्या दुकानदाराच्या गल्ल्यावर नेऊन ठेवला, तर त्याने तारेकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकाला चार्जर दाखवत लाईटीचंच तुणतुणं. लाईट वरखाली होते, कबूल. पण दादांचा ट्रान्सफॉर्मर याच लाईटीवर इतकी वर्षं चालला ना?

त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. म्हणून ती तापते, व्होल्टेज बसतं. ॲल्युमिनियम विकणं गुन्हा नाही, तांबं म्हणून विकणं ही लबाडी आहे. तेव्हा बिलावर 'तांब्याची वाइंडिंग, 5 अँपिअर' लिहून मागा. मला "असं लिहीत नसतो" म्हणून नुसत्या रकमेची चिठ्ठी मिळाली. असं उत्तर आलं की दुकान बदला. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते.

दुकानातच करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. मोटारसायकलच्या हेडलाइटचा 12 व्होल्ट 35 वॅटचा बल्ब मधल्या आणि एका कडेच्या तारेला जोडायचा. तो तीन अँपिअरच्या आसपास ओढतो. मल्टिमीटरवर 12 च्या जवळपास टिकलं तर ठीक. 10 वर आलं, तर 5 अँपिअर फक्त लेबलावर आहेत.

"15-0-15 घ्या, आवाज वाढेल," असंही दुकानदार म्हणाला होता. मुळीच ऐकू नका. 12 व्होल्ट एसीचे डायोडमधून गेल्यावर साधारण 16 व्होल्ट डीसी होतात, 15 चे 20. 2030 आयसीची मर्यादा दोन्ही बाजूंना 18 व्होल्ट. बोर्डच जळायचा. घुमघुम येत असेल तर जुने कपॅसिटरही तपासा. ट्रान्सफॉर्मरच्या 230 व्होल्टच्या बाजूला 1 अँपिअरचा फ्यूज असू द्या.

अडॅप्टरवर चालणारा सेट असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनचा प्लस आत की बाहेर ते बघा. अडॅप्टरवरचा, आर अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

मी शेवटी जुन्याच ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या काढून मोटारी भरणाऱ्याकडून डोळ्यांदेखत तांब्याची तार भरून घेतली. नव्यापेक्षा स्वस्तात पडलं. दुकानदाराने पैसे काही परत दिले नाहीत.