एका साखळीतले दोघे

वाचकहो, आज आपण एका बोलपटाची गोष्ट वाचू या. बोलपट अमेरिकेतला आहे, १९५८ सालचा. त्याचे नाव 'द डिफायंट वन्स'. न वाकणारे दोघे, असा त्याचा अर्थ आम्ही करतो. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर.

सिनेमाचा कसला आलाय पाठ, असे कोणी म्हणेल. आम्हीही मुख्याध्यापक असताना मुलांना सिनेमापासून दूरच ठेवत आलो. पण संस्थेच्या सभागृहात हा बोलपट आमच्या रात्रीच्या वर्गाला दाखवला. भाषा इंग्रजी, तीही तिकडच्या दक्षिणेकडची खेडवळ. आम्ही मॅट्रिक झालेले, तरी आम्हाला ती अर्धीमुर्धीच कळली. जमेल तसे मराठीत सांगत गेलो. आणि नंतर वर्गात असा वाद झाला, की साडेनऊला सुटणारा वर्ग साडेदहाला सुटला.

आधी त्या मुलखाविषयी दोन शब्द. अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना पूर्वी गुलाम म्हणून राबवत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. पण माणूस विकायचा बंद झाला म्हणून त्याला शेजारी बसू देतात, असे थोडेच आहे? काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाणवठा म्हटले की आपल्याला सगळे कळते. महात्मा फुल्यांनी तर १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेतल्या गुलामांना सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केले. इतक्या दुरून त्यांनी ते दुःख ओळखले होते.

१९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलांच्या शाळा रंगावरून वेगळ्या ठेवता येणार नाहीत. १९५७ साली लिटल रॉक नावाच्या गावी ९ काळी मुले गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली, तर जमाव आडवा आला. मुलांना वर्गापर्यंत पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना फौज पाठवावी लागली. शाळेत जायला फौज! त्याच्या दुसऱ्याच वर्षी हा बोलपट आला.

आता गोष्ट. रात्रीची वेळ, पाऊस कोसळतो आहे. कैद्यांची मोटार चालली आहे. आत एक काळा कैदी मोठ्याने गाणे म्हणतो आहे. त्याचे नाव नोआ कलन. त्याच्या मनगटाला साखळी, आणि साखळीचे दुसरे टोक एका गोऱ्या कैद्याच्या मनगटाला. त्याला जोकर म्हणतात. रस्त्यावर मोटारीला अपघात होतो आणि हे दोघे पळतात.

त्या मुलखात गोऱ्याला काळ्याशी कोणी बांधले, हा प्रश्न पाठलाग करणाऱ्यांनाही पडतो. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला थट्टेची हौस आहे, असे उत्तर मिळते. फार लांब जायचे नाहीत, त्याआधी एकमेकांचाच जीव घेतील, असेही म्हणतात. म्हणजे बघा, दोघांमधला द्वेष हाच आपला पहारेकरी, असा त्यांचा हिशेब.

आणि तो हिशेब अगदीच चुकीचा नसतो. हात-दोन हात लांबीची साखळी. एकाला उत्तरेला जायचे, दुसऱ्याला दक्षिणेला. एक पडला की दुसरा ओढला जातो. शिव्या, धक्काबुक्की चालूच. नदी ओलांडताना जोकर वाहून जाऊ लागतो, कलन त्याला ओढून काढतो. जोकर आभार मानतो. कलन म्हणतो, मी तुला बाहेर काढले नाही, तू मला आत ओढू नयेस एवढेच पाहिले. आम्हाला हे उत्तर फार आवडले. खोटा गोडवा नाही. मग दोघे मातीच्या एका खोल खड्ड्यात अडकतात. भिंती पावसाने निसरड्या झालेल्या. एकट्याने वर येणे शक्यच नाही. एकाच्या खांद्यावर दुसरा, असे करत, घसरत, पुन्हा चढत कसेबसे निघतात.

पुढे कामगारांची एक वस्ती लागते. भुकेले आहेत, बेडी तोडायला हत्यारही हवे. रात्री दुकानात शिरताना पकडले जातात. जमाव दोरखंड घेऊन उठतो. फाशी द्यायची, खटला नाही की काही नाही. तिथे जोकर काय म्हणतो माहीत आहे? मला फाशी देता येणार नाही, मी गोरा आहे, असे म्हणतो! शेजारी साखळीला कलन उभा. त्याने काय म्हणावे? नदीतून ज्याने वाचवले त्याच्यासमोर हा आपला गोरा रंग पुढे करतो. जीव जायची वेळ आली की लहानपणापासून पाजलेले विष असे आपोआप वर येते. वर्गात या जागी कोणी हसले नाही.

त्यांना सोडवतो तो त्याच वस्तीतला एक दांडगा गोरा माणूस. त्याच्या मनगटावर जुन्या बेडीचे वण असतात.

मग एक एकटे घर लागते. तिथे एक बाई आणि तिचा लहान मुलगा. बाई जोकरला जेवायला देते. त्यालाही दे, असे जोकर सांगतो, तेव्हा कलनच्या पुढ्यात अन्न येते. इथेच साखळी तुटते. छिन्नी-हातोड्याने तोडतात. आम्हाला वाटले, संपली गोष्ट. पण आमच्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. बांधलेले होते तोवर सोबत राहणे भागच होते. आता कोणी कोणाला बांधील नाही.

बाई एकटेपणाला कंटाळलेली. जोकरने आपल्याबरोबर मोटारीतून निघून जावे, असे तिच्या मनात येते. कलनला ती दलदलीतून आगगाडीच्या रुळांकडे जाणारी वाट सांगते. तो गेल्यावर जोकरला सांगते, त्या वाटेने गेलेला माणूस जिवंत परत येत नाही. तो पकडला गेला तर तुझा माग सांगेल, म्हणून मीच त्याला तिकडे धाडले. तिला वाटते, गोऱ्या माणसाला यात वावगे काय वाटणार? पण जोकर चवताळून उठतो. तिला ढकलून कलनच्या मागे धावतो. बाईचा मुलगा गोळी झाडतो, ती जोकरच्या खांद्यात बसते. तसाच रक्ताळलेला तो दलदलीत कलनला गाठतो.

मागे कुत्री भुंकताहेत. पुढे मालगाडी. दोघे धावतात. कलन गाडीत चढतो आणि हात पुढे करतो. जोकर त्याचा हात धरतो, पण अंगात त्राण नाही, चढता येत नाही. आता मनगटाला साखळी नाही. कलनने हात सोडला तर तो मोकळा. तो सोडत नाही. दोघेही गाडीतून खाली कोसळतात. गाडी निघून जाते. शेवटी शेरीफ, म्हणजे तिकडचा पोलीस अधिकारी, येऊन पाहतो, तर जोकरला मांडीवर घेऊन कलन पहिलेच गाणे म्हणत बसलेला.

दिवे लागले आणि आमच्या वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, दर वेळी काळ्यानंच का मरायचं? बसला होता की गाडीत!" या बाई बाजारात भाजी विकतात, अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत, नुकत्याच जोडाक्षरांवर आल्या आहेत. त्यावर एक जुने हमाल म्हणाले, "असं कसं बोलता ताई? गोळी खाऊन आला ना तो याच्यासाठी? त्याला टाकून हा जाईल व्हय?"

आम्हाला आश्चर्य वाटले, कारण हाच वाद न्यूयॉर्क शहरात झाला होता. जेम्स बाल्डविन नावाचे एक मोठे काळे लेखक होते. १९७६ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिले आहे, की कलन गाडीतून पडला तेव्हा गोऱ्या प्रेक्षकांनी समाधानाने टाळ्या वाजवल्या. पण हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत लोक पडद्याकडे बघून ओरडले, की अरे वेड्या, परत गाडीत चढ. गोऱ्यांना वाटले, चला, याने आपल्याला माफ केले. हार्लेमवाल्यांना ती माफी फार स्वस्तात दिलेली वाटली.

आमचे मत विचाराल तर आम्ही हमालदादांच्या बाजूचे. जोकरने आधी मोटार सोडली, मग कलनने गाडी सोडली. पण भाजीवाल्या ताईंनी आम्हाला गप्प केले. त्या म्हणाल्या, "पकडल्यावर दोघांना शिक्षा सारखीच होईल का, ते सांगा." आम्ही काय सांगणार? तो मुलूख, ते साल. शिक्षा सारखी झाली नसती.

या बोलपटाला दोन ऑस्कर बक्षिसे मिळाली, एक कथा-पटकथेचे आणि एक छायाचित्रणाचे. गंमत अशी, की दोन लेखकांपैकी एकाला, नेड्रिक यंगला, सरकारविरोधी ठरवून चित्रपटधंद्यात बंदी केलेली होती. म्हणून पडद्यावर त्याचे खोटे नाव होते! जोकरचे काम टोनी कर्टिसने केले आणि कलनचे सिडनी पॉइटिये याने. मुख्य नटाच्या ऑस्करसाठी दोघांचीही नावे पुढे आली. काळ्या माणसाचे नाव त्या बक्षिसासाठी येण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा मिळाले नाही, पण १९६४ साली दुसऱ्या बोलपटासाठी पॉइटियेला ते मिळाले.

आता जे सांगतो ते नीट वाचा, घाई करू नका. हा पॉइटिये १९२७ साली जन्मला. आईबाप बहामा बेटांवर टोमॅटो पिकवत. शाळा नावापुरती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो न्यूयॉर्कला आला आणि खानावळीत भांडी घासू लागला. नाटकमंडळीत काम मिळते असे वाचून तिथे गेला. हातात नाटकाचे कागद दिले, तर अडखळत अडखळत वाचू लागला. त्या गृहस्थाने त्याला बाहेर काढले आणि म्हणाला, जा, भांडी घासायचे काम बघ. हा भांडीच घासत होता, हे त्या गृहस्थाला ठाऊक नव्हते! ते शब्द पॉइटियेच्या मनाला लागले.

एका रात्री काम आटोपून तो वर्तमानपत्र घेऊन बसला होता. खानावळीत एक म्हातारा ज्यू वाढपी होता. ज्यू लोकांनीही युरोपात फार छळ सोसलेला. आज काय बातमी आहे, असे त्याने विचारले. पॉइटिये म्हणाला, मला नीट वाचता येत नाही. म्हातारा म्हणाला, मग मी तुझ्याबरोबर वाचू का? त्या दिवसापासून रोज रात्री, सगळी झाडलोट झाल्यावर, दोघे एका टेबलाशी बसत. मोठा शब्द आला की म्हातारा तो फोडून सांगे. स्वल्पविराम कशाला असतो तेही सांगे. एक गोरा, एक काळा. एक म्हातारा, एक पोरगा. तिथे साखळी कसलीच नव्हती.

पुढे पॉइटिये जगभर नावाजला. १९९२ साली मोठा सन्मान झाला, तेव्हा भर सभेत त्याने त्या वाढप्याचे आभार मानले. त्याला शोधायलाही तो गेला होता, पण फार उशीर झाला होता. ही रुखरुख त्याने म्हातारपणी बोलून दाखवली. २०२२ साली, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने एक वर्तमानपत्र आणावे. कालचे चालेल, पुडी बांधून आलेलेही चालेल. दोघादोघांनी एकत्र बसायचे आहे. रोज ज्याच्या शेजारी बसता, त्याच्याबरोबर नको. भाजीवाल्या ताई आणि हमालदादा, तुम्ही दोघे एका बाकावर.