घरचें नांव व बाहेरचें नांव

शास्त्रपाठ : निर्गम ५:१-३, प्रेषितांचीं कृत्यें ११:१९-२६, १ करिंथ १४:९-११.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या वाटेवर आंजी हें गांव आहे. सरकारी दप्तरांत त्याचें नांव 'आंजी (मोठी)' असें लिहितात. पण गांवचा मनुष्य बाजार करून घरीं निघाला म्हणजे 'आंजीस जातों' इतकेंच म्हणतो. कंसांतला शब्द त्याच्याकरितां नाहीं. ज्यास ओळख पटवावी लागते त्या परक्याकरितां आहे. सेवाग्रामचेंही असेंच झालें. त्या गांवाचें मूळ नांव शेगांव. गांधीजी १९३६ सालीं तेथें राहावयास गेले, तेव्हां त्यांचीं पत्रें बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवीं जाऊं लागलीं. म्हणून १९४० सालीं 'सेवाग्राम' हें नांव ठेवण्यांत आलें.

गांवांची जी गोष्ट तीच देशांची, लोकांची व भाषांची. आपण ज्यांस जर्मन म्हणतों ते स्वतःस 'डॉइच' म्हणवितात. हंगेरीचे लोक आपणांस 'माग्यार' म्हणतात. ज्या देशास इंग्रज 'इजिप्त' म्हणतो त्यास तेथील रहिवासी 'मिस्र' म्हणतात, आणि आपल्या मराठी शास्त्रांतही 'मिसर' असेंच आहे. 'हिंदु' हें नांव देखील सिंधु नदीच्या नांवाचा इराणी लोक जो उच्चार करीत त्यापासून निघालें आहे.

इतकें दूर कशाला जावें? आपल्या जिल्ह्यांत व यवतमाळाकडे कोलाम लोक राहतात. त्यांची भाषा मराठीहून अगदीं निराळी असून तेलुगू, गोंडी या भाषांच्या कुळांतील आहे. एमेनो नांवाच्या पंडितानें १९५५ सालीं कोलामी भाषेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे लोक स्वतःस 'कोलावर' म्हणवितात. तेलुगू बोलणारे त्यांस 'मन्नेवार' म्हणतात. आणि ते देवतांची पूजा करितात म्हणून आदिलाबादेकडील गोंड त्यांस 'पुजारी' म्हणतात. एकच समाज, पण पाहणारा जसा तसें नांव. गोंडांचेंही तेंच आहे. 'गोंड' हें नांव इतरांनीं दिलेलें; ते आपणांस 'कोइतूर' म्हणतात.

आतां शास्त्राकडे वळूं. मोशे व अहरोन यांनीं फारोपुढें प्रथम 'इस्राएलाचा देव' असें नांव घेतलें. फारो म्हणाला कीं, मी त्यास ओळखीत नाहीं. तेव्हां त्यांनीं 'इब्र्यांचा देव' असें सांगितलें. कारण मिसरी लोक त्यांस इब्री या नांवानें ओळखीत. त्यांनीं देव बदलला नाहीं; ऐकणाऱ्यास समजेल असें नांव मात्र घेतलें. तसेंच मागी लोक व पिलात हे परके असल्यामुळें आपल्या प्रभूस 'यहूद्यांचा राजा' म्हणतात, पण यहूद्यांचे मुख्य याजक वधस्तंभाखालीं थट्टा करितात तेव्हां 'इस्राएलाचा राजा' म्हणतात (मत्तय २:२, २७:३७, ४२). बोलणारा घरचा कीं बाहेरचा, हें नांवावरून कळतें.

परंतु कांहीं नांवांत तुच्छता भरलेली असते. हेल्लेणी लोक, ज्यांची भाषा आपणांस कळत नाहीं त्यांस 'बर्बर' म्हणत. कां कीं तें बोलणें त्यांच्या कानांस 'बर बर' असें लागे. पौल करिंथकरांस दाखवितो कीं हें दोहोंकडून लागू पडतें : ज्याची भाषा मला समजत नाहीं त्याला मीही बर्बरच. जो उपदेशक कोलामांच्या पोडावर जाऊन 'यांची भाषा म्हणजे नुसती बडबड' असें म्हणतो, त्यानें हें वचन पुनः वाचावें.

चांगल्या हेतूनें दिलेलें नांवही ज्याचें त्यास विचारून द्यावें. 'हरिजन' हा शब्द गांधीजींनीं प्रेमानें रूढ केला. तरी १९३८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत तो शब्द कायद्यांत घालण्याचा प्रश्न आला, तेव्हां डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी निषेध म्हणून सभागृहाबाहेर निघून गेले. ज्यांच्याकरितां तें नांव होतें त्यांनाच तें नको होतें.

आणि आपलें नांव? आरंभीं विश्वासणारे एकमेकांस 'शिष्य', 'बंधु', 'पवित्र जन' म्हणत, व आपल्या जीवनक्रमास 'मार्ग' म्हणत. वैरी त्यांस 'नासोरी पंथ' म्हणत (प्रे. कृ. २४:५, १४). 'ख्रिस्ती' हें नांव अंत्युखियांत पडलें, आणि तें बाहेरच्यांनीं दिलें असें दिसतें. नव्या करारांत तें तीनच वेळां येतें. त्यांतून एकदां अग्रिप्पा राजाच्या तोंडीं. पण पेत्र सांगतो कीं, या नांवानें दुःख सोसावें लागलें तर लाजूं नका (१ पेत्र ४:१६). बाहेरून आलेलें नांव मंडळीनें आपल्या वागणुकीनें घरचें केलें.

आमच्या खेड्यांतील कित्येक बंधूंस अजून 'बाटगे' म्हणून हिणवितात. तें ऐकून मन दुखतें, आमचेंही दुखलें आहे. पण त्याहून दुःखाची गोष्ट आम्हीं मंडळींतच पाहिली आहे. प्रभुभोजनास एकत्र बसलेले लोक, भांडण झालें कीं एकमेकांस जुन्या जातीचें नांव घेऊन हाका मारितात. बाहेरच्याचें तोंड आपणांस धरवत नाहीं. आपलें तर धरवतें ना? उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस ज्याच्या त्याच्या नांवानें हाक मारितो. त्याच्या कळपांत असून आपण दुसऱ्यास अपमानाचें नांव ठेवूं, तर अंत्युखियांत मिळालेलें नांव आपण कोणत्या तोंडानें सांगावें?

विचार करण्यासाठीं प्रश्न :
१. मोशेनें फारोपुढें दुसरें नांव कां घेतलें?
२. आपल्या गांवाशेजारच्या लोकांस त्यांचें स्वतःचें नांव आपण कधीं विचारिलें आहे काय?
३. या आठवड्यांत आपण कोणास कोणत्या नांवानें हाक मारिली? तें नांव प्रभूसमोर घेतां येईल काय?