दोन शहरे, दोन घड्याळे

समजा तुम्ही जालना शहरातील मस्तगड भागात राहता आणि तुमची दादी हजला निघाली आहे. तिच्या प्रवासाचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा जालना ते मुंबई. रेल्वेने हे अंतर सुमारे ४३५ किलोमीटर आहे. त्याला सात ते नऊ तास लागतात. दुसरा टप्पा मुंबई ते जेद्दा. हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५०० किलोमीटर, म्हणजे पहिल्याच्या आठपट आहे. तरी विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचते.

पूर्वी यात्रेकरू मुंबई बंदरातून जहाजानेही जात. जहाज अरबस्तानाला दक्षिणेकडून वळसा घालून तांबड्या समुद्रात शिरत असे. त्याला आठवड्याहून अधिक दिवस लागत. ही जहाजे १९९५ साली बंद झाली.

दादीचे विमान मुंबईहून सकाळी १० वाजता सुटले. तिकिटावर जेद्दाला पोहोचण्याची वेळ दुपारी १ अशी होती. दादी म्हणाली होती, "उतरल्यावर लगेच फोन करीन." घरी एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले, पण फोन आला नाही. अम्मी घाबरली. अब्बा येरझारा घालू लागले. खरे तर काहीच विपरीत घडले नव्हते. विमान अजून आकाशातच होते! तिकिटावरील १ ही वेळ जेद्दाच्या घड्याळाची होती.

असे का होते? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे १ अंश फिरण्यास तिला ४ मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, तर सौदी अरेबियाची ४५ अंश पूर्व रेखावृत्तावरून. दोहोंत ३७.५ अंशांचा फरक आहे. ३७.५ × ४ = १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, म्हणून आपले घड्याळ पुढे असते. जेद्दात १ वाजतो, तेव्हा जालन्यात साडेतीन वाजलेले असतात.

लक्षात ठेवा, तिकिटावर सुटण्याची वेळ निघण्याच्या शहराची असते आणि पोहोचण्याची वेळ उतरण्याच्या शहराची असते. तुमच्या घरातून कोणी दूरदेशी निघाले, तर हा हिशेब आधीच कागदावर मांडा आणि घरच्यांना समजावून सांगा. त्यांची काळजी वाचेल.

शब्दार्थ
टप्पा – प्रवासाचा एक भाग
येरझारा घालणे – इकडून तिकडे फेऱ्या मारणे
विपरीत – वाईट, नको ते
प्रमाणवेळ – देशभर मानलेली एकच वेळ

स्वाध्याय
१. अम्मी का घाबरली?
२. आपले घड्याळ जेद्दाच्या पुढे का असते?
३. मुंबईहून रात्री ८ वाजता सुटलेले विमान साडेपाच तासांनी जेद्दाला उतरले. तेव्हा तेथे किती वाजले होते?